जीपचं डिफरन्शियल आणि भावकीचा ट्रॅक्टर

मी कुठलीही गोष्ट अभ्यासाशिवाय करत नाही. साधा कुकर घ्यायचा असला तरी दुकानात त्याची शिट्टी वाजवून बघितल्याशिवाय पिशवीत घालू देत नाही! त्यामुळे जीपला नवं डिफरन्शियल बसवायचं ठरवलं, तेव्हाच मला खात्री होती की अख्ख्या कोरेगाव तालुक्यात इतकी अचूक निवड करणारा दुसरा माणूस सापडणार नाही.

आधी माझी जीप सांगतो. जुनी, ताकद फक्त मागच्या चाकांना, पत्रा असा जाड की ठोठावला तर आपलंच बोट सुजावं! रोज सकाळी रहिमतपुरातून निघायचं, कोरेगावला बायकोला शाळेत सोडायचं आणि पुढे साताऱ्याला माझ्या ऑफिसात जायचं. रविवारी हीच जीप पाणंदीनं आमच्या उसाच्या रानात जाते. ती पाणंद काळ्या मातीची. पाऊस पडला की चिखल असा धरतो की चप्पल मागे आणि माणूस पुढे!

गेल्या वर्षी तिथंच घात झाला. जीप रुतली. एक चाक गरागरा फिरतंय आणि दुसरं सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं ढिम्म! शेवटी माझा चुलतभाऊ शिवतेज त्याचा ट्रॅक्टर घेऊन आला, साखळी लावली आणि जीप ओढत थेट गावातून नेली. थेट गावातून, बरं का! रानाच्या तोंडाशी सोडायची होती, पण तो म्हणाला, "दादा, आलूयाच तर घरापातूर सोडतू की!" परक्याच्या ट्रॅक्टरनं ओढलं असतं तर मी सोसलं असतं. भावकीच्या ट्रॅक्टरनं ओढलं की त्याचा विषय तेराव्यापर्यंत निघतो!

त्या दिवशी माझी बायको संयोगिता शांतपणे म्हणाली, "यापुढे एकदा जरी कुणाच्या ट्रॅक्टरनं ही जीप ओढली, तर विकायची. आणि मला छोटी, मऊ सीटची गाडी घ्यायची. मंजूर?"

"मंजूर!" मी म्हणालो. जीप विकायची? माझा जीव त्या जीपमध्ये आहे! मी त्याच क्षणी वही आणि पेन काढलं.

डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी डबा. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्याला कमी फिरू देतो. गुणी आहे. पण चिखलात त्याची बुद्धी फिरते. जे चाक घसरतंय त्यालाच तो सगळी ताकद देऊन बसतो! यावर इलाज म्हणून बाजारात वेगवेगळे प्रकार मिळतात. ते सगळे मी वहीत उतरवले, आकृत्या काढल्या, रंगीत पेन्सिलीनं बाण दाखवले आणि सांगलीला कृष्णात मिस्त्रीकडे गेलो. सोबत संयोगिताही होती, कारण तिला सांगलीहून हळद आणायची होती.

कृष्णातनं वही बघितली. उलटी धरून बघितली. मग म्हणाला, "सायेब, एकच सांगा. गाडी रोजची हाय का रानातली?"

"दोन्ही!"

"मग ऐका. प्लेटावालं नगं. त्येला येगळं तेल लागतंय आन् रोजच्या पळण्यात प्लेटा झिजत्यात. आपोआप लॉक व्हणारं लय ताकदीचं, पर रस्त्यावर वळताना नाटकं करतंय. तुमी गिअरवालं घ्या. गप गुमान चालतंय. फकस्त एक चाक पार हवेत गेलं तर ब्रेकवर हलका पाय ठिवायचा आन् मंग रेस द्यायची. म्हंजी दुसऱ्या चाकाला ताकद जाती."

"सर्वांत ताकदीचं कुठलं?" मी विचारलं.

"लॉकवालं. पर सायेब..."

"तेच बसव!"

मला कृष्णातचं पुढचं ऐकूच आलं नाही. डोळ्यांसमोर शिवतेज होता. आपण चिखलातून आरपार निघालोय आणि तो ट्रॅक्टरवर बसून साखळी गुंडाळतोय! संयोगिता एवढंच म्हणाली, "अहो, तो माणूस रोज हेच काम करतो." मी म्हणालो, "अगं, मी अभ्यास केलाय."

दुसऱ्या दिवशी सोमवार. गल्लीतून डावीकडे वळलो आणि मागून आवाज आला, खाडकन्! संयोगिताच्या हातातला डबा उडाला. पुढच्या वळणावर पुन्हा खाडकन्! जीपला वळायचंच नव्हतं. मी स्टिअरिंग फिरवतोय आणि ती हट्टी म्हशीसारखी नाकासमोर चाललीय! वाटेत आम्ही विजयमाला मॅडमना घेतो. त्या संयोगिताच्याच शाळेत मराठी शिकवतात. त्या दर वळणाला डोळे मिटून हात जोडायला लागल्या.

शाळेच्या मैदानात मी जीप वळवली, तर टायर असे किंचाळले की आठवीचा वर्ग खिडक्यांत आला. मुख्याध्यापक धावत बाहेर! "कुणाला लागलं? कुणाला लागलं?"

"कुणाला नाही सर, डिफरन्शियल आहे," मी म्हणालो.

"मग त्यांना दवाखान्यात न्या!" सर घाबरून म्हणाले. त्यांना तो कुणी परप्रांतीय पाहुणा वाटला असावा.

आठवडाभर हेच. आवाज ऐकून माणसं रस्त्यात हात करून थांबवायची. "गाडीचं काय तरी तुटलंय!" एक निवृत्त गृहस्थ स्कूटरवरून पाठलाग करत आले आणि माझ्या हातात एक भलामोठा नट ठेवून गेले. "तुमचाच पडलाय!" शनिवारपर्यंत लोकांनी मला दोन नट, एक स्प्रिंग आणि नांगराचा फाळ आणून दिला! त्यातलं एकही माझ्या जीपचं नव्हतं. विजयमाला मॅडमनी जाहीर केलं, "मी सोमवारपासून भाड्याच्या वडापनं येते. त्यात चौदा माणसं असतात, पण ती गाडी वळते तरी."

रविवारी मी गुपचूप जीप काढली, तर संयोगिता आधीच आत बसलेली! आम्ही सांगलीला गेलो.

कृष्णातनं आम्हाला बघितलं आणि काही न विचारता गिअरवालं डिफरन्शियल फळीवरून खाली काढलं. त्यानं ते आमच्यासाठीच बाजूला ठेवलं होतं, हे मला जरा लागलं. बसवून झाल्यावर त्यानं ब्रेकचं ते पुन्हा सांगितलं. मी मान हलवत होतो, पण खरं सांगायचं तर तेव्हा मी शिवतेजला फोनवर सांगत होतो, "आता आखाडीला बघ गड्या!"

आखाडी म्हणजे आषाढातलं आमचं म्हसोबाचं जेवण. रानाच्या बांधावर आमचा म्हसोबा आहे. अख्खी भावकी जमते, नैवेद्य दाखवते आणि मटणाचा रस्सा ओरपते. रस्सा गावात शिजतो आणि पातेलं रानात जातं ते कायम ट्रॅक्टरमधून, शिवतेजच्या! यंदा मी सगळ्यांसमोर सांगितलं, "पातेलं माझ्या जीपमधून जाणार!"

जोतिबा तात्या आमच्या भावकीत सगळ्यांत वडील. ते म्हणाले, "जाऊ दे की. पर पातेलं म्या धरून बसणार." पांढऱ्याशुभ्र धोतरात ते मागे बसले, पातेल्याला मिठी मारून. संयोगिता माझ्या शेजारी. मागून ट्रॉलीत बाकीची भावकी घेऊन शिवतेज.

पाणंदीचा पहिला चिखल जीपनं लोण्यासारखा कापला! गाडी गप गुमान! मी आरशात बघितलं आणि शिवतेजला हात केला. तेवढ्यात पाण्याचा पाट आडवा आला. पाटाचा काठ खचलेला होता. जीप तिरकी झाली, उजवं मागचं चाक चिखलात बसलं आणि डावं मागचं चाक चक्क हवेत!

मी रेस दिली. हवेतलं चाक पंख्यासारखं फिरलं. जीप जागची हलेना. मी आणखी रेस दिली. रश्श्याचा लाल कट हिंदकळला आणि तात्यांच्या धोतरावर गेला!

"आरं, रस्सा चाललाय रं!" तात्या ओरडले.

"अहो, ब्रेकवर..." संयोगिता म्हणाली.

"थांब! मी बघतो!"

मागून भावकी उतरली. "रेस दे! रेस दे!" आमच्याकडे गाडी रुतली की सल्ला एकच, रेस दे! चाकाखाली दगड टाकले, उसाचं पाचट टाकलं, सहा जण मागच्या बंपरवर चढून नाचले. दर नाचाला तात्यांवर अर्धी पळी! अर्धा तास गेला. म्हसोबा तिकडे उपाशी. शिवतेज ट्रॅक्टरवरून उतरला. त्याच्या हातात साखळी होती. नवीन, चकचकीत.

"दादा, लावू का?"

"खबरदार! साखळी लावायची नाही!"

"आवं, रस्सा गार व्हतुया!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

एक साखळी लागली की जीप गेली! मी निर्धारानं डॅशबोर्डमधून वही काढली, खाली उतरलो आणि बांधावर उभा राहून पानं उलटायला लागलो. एक चाक हवेत गेल्यावर काय करायचं हे कृष्णातनं दोनदा सांगितलं होतं. मी लिहून घेतलं असणारच! लॉकवाल्याची आकृती सापडली, प्लेटांची सापडली. कृष्णातच्या घरचा पत्तासुद्धा सापडला.

आणि मागे इंजिनाचा आवाज आला. मोठा नाही, बारीक, समजूतदार. मी वळून बघितलं. हवेतलं चाक मंद झालं होतं, चिखलातलं हळूहळू फिरत होतं आणि जीप ओढ्यातून निघणाऱ्या म्हाताऱ्या बैलासारखी एकेक पाऊल टाकत पाट ओलांडून पलीकडे गेली! स्टिअरिंगवर संयोगिता. पदर खोचलेला, डावा पाय ब्रेकवर. मागे तात्या, आ वासून.

भावकीनं अशा शिट्ट्या मारल्या की पलीकडच्या रानातले बगळे उडाले. शिवतेजनं साखळी ट्रॉलीत टाकली आणि म्हणाला, "वैनी, मानलं तुमास्नी!" तात्यांनी धोतर पिळत निकाल दिला, "सूनबाई, ही गाडी इकू नगा!"

"नाही विकणार तात्या. ट्रॅक्टरनं ओढली नाही. शब्द म्हणजे शब्द," संयोगिता म्हणाली.

जीप वाचली! माझी छाती अशी फुगली की जेवताना मला शर्टाची दोन बटणं सोडावी लागली. मी प्रत्येकाला पानावर जाऊन सांगितलं, "बघितलंत? निवड कुणाची?" रस्सा मात्र जेमतेमच पुरला. तात्यांच्या धोतरातच दहा माणसांचा होता.

सोमवारी सकाळी आवरून खाली आलो. संयोगिता स्टिअरिंगवर बसलेली. शेजारी वडाप सोडून थेट आमच्या दारातच येऊन बसलेल्या विजयमाला मॅडम, हसतमुख, डोळे उघडे!

"अहो, मागे बसा," संयोगिता म्हणाली. "जीप आता दिवसभर शाळेतच राहील. कोरेगावपासून तुम्हाला साताऱ्याची एसटी आहे."

तर मंडळी, रोजच्या रस्त्याला आणि रानाला, दोन्हीला गिअरवालंच घ्या. माझी निवड शंभर टक्के बरोबर होती. वळणावर जरासुद्धा आवाज येत नाही. मी रोज मागच्या सीटवरून, डबा मांडीवर धरून, नीट कान देऊन ऐकतो.