थेल्माच्या टोपीवरच्या माश्या

शनिवारी सकाळी ॲपल पायचा तुकडा तोंडात असतानाच वेंडेल टटलने जाहीर करून टाकलं, "थेल्मा, आज मी अशी माशी बांधणार, की बांधून झाली रे झाली की खिडकी लावून घ्यावी लागेल. नाहीतर उडून जाईल!"

"गेल्या शनिवारीही खिडकी लावलीस," थेल्मा म्हणाली. "माशी बसली जागच्या जागी. मी मात्र उकडून निघाले."

माशी म्हणजे गळावरची हो! आकड्याला रेशमी दोरा गुंडाळायचा, त्यावर ससा, हरीण, ज्याचे मिळतील त्याचे केस, आणि वरून कोंबड्याच्या मानेचं पीस गोल गोल फिरवायचं. त्याच्या काड्या चहूबाजूंनी ताठ उभ्या राहतात आणि माशी पाण्यावर पाय टेकल्यासारखी तरंगते. सगळा कारभार तांदळाच्या दाण्याएवढा. पण त्या दाण्यापायी व्हरमाँटच्या त्या डोंगरातल्या निम्म्या बायकांच्या फरकोटांना टक्कल पडलेलं होतं! वेंडेलचा कुत्रा तर मालकाच्या हातात कात्री दिसली की सरळ शेजारी राहायला जायचा.

पिसाचं म्हणाल तर वेंडेलला हवं होतं निळसर राखी, पहाटेच्या धुक्याच्या रंगाचं. तसा कोंबडा अख्ख्या गावात एकच, आणि तोही पाद्रीबाबांचा. वेंडेल रोज कुंपणापाशी जाऊन त्याला डोनटचा तुकडा घालायचा आणि बदल्यात हळूच एक पीस उपटायचा. कोंबडा डोनट खाऊन खाऊन डुकरासारखा फुगला, आणि मान झाली म्हाताऱ्या वकिलासारखी बोडकी. पाद्रीबाबा बिचारे त्याच्यासाठी प्रार्थना करत होते.

एवढा आटापिटा कशासाठी? तर ऑरिनकाकांच्या ओढ्यासाठी.

ऑरिन पीझली म्हणजे गावातला सगळ्यात म्हातारा आणि सगळ्यात आतल्या गाठीचा माणूस. आता त्या डोंगरात कुणी कुणाला आपला ओढा सांगत नाही. बायकोचं वय सांगतील, दारू कुठे लपवलीय ते सांगतील, पण ओढा? नाव नको! पण ऑरिनकाकांचा ओढा म्हणजे कहर. तिथले ट्राउट मासे म्हणे संध्याकाळच्या आभाळासारखे, पोटाशी केशरी, अंगावर निळ्या कड्यांचे लाल ठिपके. काका किराणा दुकानातल्या शेगडीपाशी बसून सांगायचे, "माझे मासे म्हणजे राण्या रे, राण्या! ऐऱ्यागैऱ्या माशीकडे ढुंकून बघत नाहीत. जो कुणी मला स्वतःला खरी वाटेल अशी माशी बांधेल, त्याला मी हाताला धरून ओढ्यावर नेईन." ही अट घालून तीस वर्षं झाली होती. तीस वर्षं अख्खं गाव माश्या बांधत होतं. काका एकेक माशी डोळ्यांजवळ धरायचे, उसासा टाकायचे आणि म्हणायचे, "छान आहे. कानात घाल."

आणि आता सोमवारी काका कायमचे चालले होते मुलीकडे फ्लोरिडाला. म्हणजे ओढाही चालला! त्या धास्तीने वेंडेलला आठवडाभर झोप नव्हती. डोळे मिटले की तो ओढा दिसायचा. शेवाळलेले दगड, काळंशार पाणी, आणि त्यावर ऊन असं सांडलेलं की जणू कुणी मेपलचा पाक ओतलाय. वेंडेल त्यात पाय बुडवणार, तेवढ्यात थेल्मा हलवून म्हणायची, "पांघरूण सोड माझं."

तर त्या शनिवारी तो बसला. टेबलाला लावलेल्या चिमुकल्या पकडीत आकडा घट्ट केला आणि दोऱ्याचे वेढे सुरू झाले. पहिली माशी झाली तिला पोक आलं. दुसरी लठ्ठ, थेट पाद्रीबाबांच्या कोंबड्यासारखी. पण दुपार कलली, खिडकीतून पाइनचा वास यायला लागला, आणि त्याचे हात जणू त्याचे राहिले नाहीत. एकामागून एक माश्या उतरायला लागल्या. अशा नाजूक, की श्वास सोडला तरी थरथरतील! स्वयंपाकघरातला कोळी जाळ्यातून खाली उतरून बघून गेला, खोटं नाही सांगत.

प्रत्येकीच्या डोक्याला व्हार्निशचा थेंब द्यायचा आणि कशात तरी खोचून वाळवायचं, अशी रीत. बुचाचे तुकडे भरले. पडदे भरले. वेंडेलने तंद्रीतच हात लांब केला, खुंटीवर काहीतरी हिरवं, मऊ लागलं, शेवाळासारखं. त्याने माश्या खोचल्या आणि टेबलावर डोकं ठेवून ओढ्याकाठी निघून गेला.

सकाळी थेल्माने त्याला ओढतच चर्चमध्ये नेलं. तिचे डोळे आज भलतेच पाणावलेले होते. बाकावर बसल्यावर तिने त्याचा हात घट्ट दाबला.

"वेंडेल," ती कुजबुजली, "मला वाटलं होतं तू विसरलास."

"मी? छे!" वेंडेल म्हणाला. आपण काय विसरलो नाही हे आठवायचा तो जिवापाड प्रयत्न करत होता.

"सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तू लग्नाच्या वाढदिवसाला काहीतरी दिलंस. तेही स्वतःच्या हाताने सजवून!"

वेंडेलने तिच्या डोक्याकडे पाहिलं आणि बाकाची कड घट्ट धरली. तिची रविवारची हिरवी टोपी! एका बाजूला लाल लोकरीची जुनी चेरी, आणि बाकी टोपीभर माश्याच माश्या!

"आवडली?" त्याच्या तोंडून कसंबसं निघालं.

"अगदी रानातल्यासारखी दिसतेय रे!"

आता काय बोलणार? बोलला असता तर आजही तो त्या बाकाखालीच असता.

मे महिन्यातलं ऊन होतं, म्हणून चर्चच्या खिडक्या सताड उघड्या. पाद्रीबाबांचं प्रवचन संथ वाहत होतं. माणसं एकेक करून त्यात बुडत होती. थेल्माच्या बरोबर मागच्या बाकावर ऑरिनकाका, छातीवर हनुवटी टेकून घोरत होते. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. टोपीवरच्या सगळ्या माश्या एकदम थरथरल्या. त्यांच्यावर तिरपं ऊन पडलं. काकांनी एक डोळा उघडला.

काय दिसलं असेल त्यांना? समोर हिरवागार शेवाळलेला दगड, आणि त्यावर नुकत्याच पाण्यातून निघालेल्या, पंख वाळवत बसलेल्या माश्यांचा थवा! वर्षातून एकदा, दोन-चार दिवस असा थवा निघतो, आणि मासे वेडे होऊन वर येतात. अशा वेळी त्या डोंगरात माणूस बाळंत होणाऱ्या बायकोलासुद्धा सांगतो, जरा थांब.

काका ताडकन उठले. "निघाल्या!" ते ओरडले. "माश्या निघाल्या रे!"

"आमेन," पाद्रीबाबा सवयीने म्हणाले.

काका काठी टेकत तरातरा बाहेर पडले. चर्चमधल्या माना दाराकडे वळल्या. सगळ्या पुरुषांच्या मनात एकच विचार: म्हातारा सरळ ओढ्यावर चाललाय!

दुकानदार मर्ल खाकरला. "मी बहुतेक शेगडी चालू ठेवून आलोय."

"मे महिन्यात?" त्याच्या बायकोने विचारलं, पण मर्ल दारापाशी पोचलासुद्धा होता. मग कुणाच्या गाईला कळा सुरू झाल्या, कुणाच्या दाताला. एकजण काहीच न सुचल्यामुळे "अरे बापरे!" एवढंच म्हणून पळाला. पाद्रीबाबांनी प्रवचनातल्या नोहाला अर्ध्या पुरात सोडलं, "उरलेलं पुढच्या रविवारी!" म्हणाले आणि झगा सावरत बाहेर. व्यासपीठामागे त्यांची गळाची काठी कायमच उभी असायची.

पुरुषांपैकी आत उरला एकटा वेंडेल. जीव नुसता फडफडत होता. आत्ता उठला तर ओढा मिळेल, पण थेल्माने हात धरला होता, तोही प्रेमाने! हिसडा द्यायचा तरी कसा?

तेवढ्यात खिडकीतून पाखरं आली, पाकोळ्या. एक आली, दुसरी आली, मग पाच-पंचवीस! पाकोळ्यांना काय, माश्या दिसल्या, झडप घातली. प्रत्येकीच्या चोचीत एकेक माशी आली, आकडे टोपीत घट्ट रुतलेले, आणि हिसके देता देता टोपीच उचलली गेली! थेल्माच्या डोक्यावरून टोपी तरंगत तरंगत निघाली आणि खिडकीतून बाहेर पडली.

"माझी टोपी!" थेल्मा किंचाळली. "वेंडेल! बसलायस काय असा? धाव!"

वेंडेल धावला. खाली रस्त्यावर सगळं गाव ऑरिनकाकांच्या मागे, दलदलीकडे चाललेलं दिसत होतं. आणि टोपी चालली होती बरोबर उलटीकडे, डोंगरावर! वेंडेल क्षणभर दुभंगला. मग थेल्माचा चेहरा आठवला आणि तो टोपीमागे पळाला.

कुरण ओलांडलं, कुंपण ओलांडलं, रान सुरू झालं. वर आभाळातून हिरवी टोपी आपली निवांत चाललेली, चुकार ढगासारखी. खालून वेंडेल धापा टाकतोय. आत गार अंधार, पायाखाली नेचे, आणि कुठूनतरी पाण्याची गुणगुण. पाकोळ्या बहुधा दमल्या. टोपी गिरक्या घेत झाडांमध्ये उतरली. वेंडेलने झुडपं बाजूला केली आणि तो थांबला.

शेवाळलेले दगड, काळंशार पाणी, त्यावर सांडलेलं ऊन. रोज रात्री दिसायचा तोच ओढा, नाहीतर त्याचा सख्खा भाऊ. एवढा अरुंद, की मांजराने उडी मारून जावं. आणि दगडावर बूट काढून ऑरिनकाका बसले होते.

"काका, तुम्ही? तुम्ही तर दलदलीकडे…"

"त्यांना चकवून चोरवाटेने आलो. ते येताहेत अजून, चिखलातून बूट शोधत." काकांनी पाण्यात वाहत आलेल्या टोपीकडे बोट केलं. "हे काय आहे?"

"थेल्माची टोपी. आणि माझ्या माश्या."

काकांनी टोपीकडे पाहिलं, वेंडेलकडे पाहिलं. मग पुन्हा टोपीकडे. "म्हणजे चर्चमध्ये मी जे पाहिलं…"

"हेच."

"म्हणजे मी फसलो?"

"फसलात, काका."

म्हाताऱ्याने काठी बाजूला ठेवली. मग त्याने दगडावर सरकून जागा केली. "अट म्हणजे अट. बस."

वेंडेल बसला. आयुष्यात इतक्या हळू तो कधीच बसला नव्हता. टोपी पाण्यावर फिरत फिरत समोर आली. वेंडेलच्या माश्या उन्हात झळाळत होत्या. आणि काळ्या पाण्यातून तो वर आला, केशरी पोटाचा, निळ्या कड्यांच्या ठिपक्यांचा! वेंडेलने श्वास रोखला. मासा पहिल्या माशीखालून गेला. दुसरीखालून गेला. सगळ्यांना वळसा घातला आणि लाल लोकरीची चेरी मटकावून खाली गेला!

वेंडेलचा आ वासलेलाच राहिला.

काका पोट धरून हसत होते. "अरे, हे डोंगरावरचे उपाशी मासे! वर्षभरात यांच्या तोंडी पडतं काय? गेल्या वर्षी माझी दात कोरायची काडी पळवली. परवा शिंकलो तर तपकीर खायला चौघे आले!"

"मग ती अट?" वेंडेल ओरडला. "राण्या? ढुंकून बघत नाहीत?"

"तसं म्हटलं नसतं तर तुम्ही सगळे रानभर ओढा शोधत फिरला असतात," काका डोळे पुसत म्हणाले. "तीस वर्षं सगळं गाव घरात बसून माश्या बांधतंय, आणि मी इथे एकटा पाय बुडवून बसतोय. आता ओढा तुझा. तूही काहीतरी अट घाल."

वेंडेल ओली टोपी घेऊन खाली उतरला तेव्हा गाव नुकतंच दलदलीतून वर येत होतं, कंबरेपर्यंत काळं. मर्लने त्याची बाही धरली. "तुला ओढा दाखवला! तुझ्या तोंडावर दिसतंय. खरं सांग, मासे काय घेतात?"

वेंडेलने आभाळाकडे पाहिलं. "फार अवघड आहे, मर्ल. निळसर राखीच पीस लागतं. त्यातही डाव्या बाजूची एक काडी जास्त झाली, तर बघतसुद्धा नाहीत."

"डाव्या बाजूची!" मर्ल पुटपुटला, आणि सगळे घराकडे पळाले. सर्वांत पुढे पाद्रीबाबा. कोंबड्याचं आता काही खरं नव्हतं.

थेल्मा तेवढी राहिली. तिने टोपी हातात घेतली, फिरवून फिरवून पाहिली. "माश्या सगळ्या आहेत," ती म्हणाली. "चेरी कुठाय?"

वेंडेलने खोकून पाहिलं. उपयोग नव्हता. सव्वीस वर्षांची बायको! त्याने सगळं सांगून टाकलं. सजावटीचंसुद्धा.

थेल्माने टोपीतलं पाणी पिळून काढलं. मग म्हणाली, "बरं. लोकर माझ्याकडे टोपलीभर आहे."

आता दर रविवारी दोघं जेवणाची टोपली घेऊन वर जातात. थेल्मा गळाला लाल लोकर लावून मासे पकडते. एक तळायला ठेवते, बाकीचे परत सोडते. वेंडेल शेजारी दगडावर पकड ठोकून माशी बांधत बसतो, कारण त्याचं म्हणणं, माशांनी अजून चांगली माशी बघितलीच नाही, म्हणून लोकर खातात.

"झाली का रे?" ती पाण्यावरून नजर न हलवता विचारते.

"जवळजवळ," तो म्हणतो.