शहामृग पुन्हा तलावात पडतो

सांगून कुणाला पटणार नाही, पण लेस्टरच्या चित्ररसिक मंडळात एखाद्याला एखादा पिक्चर समजला नाही, असं आजवर झालेलं नाही. याचं श्रेय कमलाकररावांना. पिक्चर संपला की माइक हातात घ्यायचा आणि तो आपल्याला कसा समजला हे सगळ्यांना सांगायचं, हे रसग्रहणप्रमुखाचं काम ते मंडळाच्या स्थापनेपासून करत होते. (पदाला मानधन नाही. पहिल्या रांगेतली गादीची खुर्ची आहे. मानधन एक वेळ सोडवतं, खुर्ची सोडवत नाही.)

यंदा मात्र कार्यकारिणीतल्या काही अस्वस्थ आत्म्यांनी देवयानीचं नाव पुढे केलं. जन्म इथलाच, केंब्रिजला सिनेमावरच संशोधन करते. थोडक्यात, अनुभव शून्य. ठरलं असं, की या रविवारी आधी कमलाकरकाका बोलतील, मग ती. ज्याचं सभेला पटेल, माइक त्याचा. तो आठवडा कमलाकररावांना वरणभात गोड लागला नाही.

पिक्चर होता हॉलिवूडच्या बाळपणावरचा. मूकपट, भोंग्यातून ओरडणारे दिग्दर्शक, प्लास्टरचं अख्खं रोम. खर्च एवढा, की तेवढ्यात नवं हॉलिवूड वसलं असतं, आणि कदाचित तिथे बरे पिक्चर निघाले असते. निम्म्यानंतर हा पिक्चर वाट चुकतो, असं समीक्षकांनी एकमुखाने लिहिलं होतं. त्यामुळे मंडळ पूर्ण तयारीने आलं होतं.

इथल्या थिएटरांत मध्यंतर नसतं. ब्रिटिश संस्कृतीतली ही उणीव मंडळाने आपल्या घटनेच्या पहिल्याच कलमात दुरुस्त केली आहे. निम्म्यावर पिक्चर लावणारा अनुप लॅपटॉप थांबवतो आणि रसिक बटाटेवड्यांकडे वळतात. या खेपेला तोवर एका आलिशान पार्टीत शहामृग शॅम्पेनच्या तलावात पडला होता आणि रोम कोसळलं होतं.

मध्यंतरानंतर शहामृग पुन्हा तलावात पडला.

कमलाकररावांनी उरलेला वडा बशीत ठेवला. त्यांनी हळूच मागे पाहिलं. रवी हनुवटीवर मूठ टेकवून गंभीर. मधुमतीबाई सावकाश मान हलवत होत्या. (अख्ख्या हॉलची मान हलत असताना शंका काढणं हा उद्धटपणा असतो. संस्था अशाच टिकतात.) कमलाकररावांनीही मान हलवली. पुढे रोम पुन्हा कोसळलं. मग नायिकेने काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि पडदा काळा झाला. दाराशी भाड्याच्या हॉलचा केअरटेकर किल्ल्या वाजवत उभा होता.

कमलाकररावांनी माइक घेतला.

"मित्रहो, पहिला शहामृग पडतो तो मोहाने. दुसरा पडतो तो पहिल्याला बघून! हॉलिवूडचा इतिहास म्हणजे आणखी काय?"

टाळ्या.

"आणि शेवटचं ते न उच्चारलेलं वाक्य! मूकपटाला याहून मोठी श्रद्धांजली नाही!"

"दुसऱ्या शहामृगाचे डोळे जास्त बोलके होते हो," रवी म्हणाला.

"दुसरं रोम आतून खचलेलं होतं," अजयने दुजोरा दिला. (तो पुलांची तपासणी करतो.)

मधुमतीबाईंनी रुमाल काढला. "मला तर तिथेच भरून आलं." त्यांचं पाहून बाजूच्या दोन रांगांना भरून आलं. दुसऱ्या शहामृगाचा मुद्दा तुम्हालाही पटला आहे, हे चेहऱ्यावरून दिसतंच आहे.

"बोल गं आता," कमलाकररावांनी उदार मनाने माइक पुढे केला. तो जेमतेम मिनिटभर दूर राहील, याची त्यांना खात्री होती.

"काका, सॉरी हं," देवयानी म्हणाली, "पण दोन ऑस्ट्रिच नव्हते. ब्रेकनंतर अनुपदादाने मूव्ही परत सुरुवातीपासून लावला. आपण फर्स्ट हाफच दोनदा बघितला. मग हॉलची वेळ संपली."

अनुप लॅपटॉपच्या वायरी गुंडाळण्यात एकाएकी फार गुंतला.

"अगं, मोठी माणसं बोलतायत ना," मधुमतीबाई डोळे टिपत म्हणाल्या.

"हो काकू, पण शेवट कुणीच बघितला नाही," देवयानी म्हणाली. "मग तुम्ही सगळे रडता कशाला?"