तेजरामच्या दंडावरचा एक फोड

परदेशात जाण्याइतकी सोपी गोष्ट जगात दुसरी नाही, असं तेजरामचं मत होतं, आणि कॅम्प-१ या कामगार वस्तीतल्या चहाच्या टपरीवर तो हे मत रोज संध्याकाळी फुकट वाटत असे.

“रशियाले जानं म्हंजे काय? कागद बरोबर असले का झालं. लोकं कागदाले भेतेत, म्हनून घरी रायतेत.”

ऐकणारे मान डोलवायचे, कारण त्यांच्यातलं कोणी नागपूरच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. तेजरामही गेला नव्हता. पण तो आता जाणार होता.

भिलाईच्या कारखान्याची पहिली भट्टी नुकतीच पेटली होती. रोलिंग मिल अजून उभी राहायची होती, आणि ती चालवायला शिकण्यासाठी बारा जणांना वर्षभर रशियाला पाठवायचं ठरलं होतं. भंडारा जिल्ह्यातल्या धानाच्या बांधावरून उठून फिटर झालेला तेजराम त्या बारांत होता. तेरावा, म्हणजे राखीव, होता त्याच्याच पाळीतला अरुणकुमार. बारांतला कोणी गळला तरच त्याचा नंबर लागणार. तरी यादी लागली त्याच संध्याकाळी अरुणकुमार दुर्गला जाऊन पत्र्याची नवी पेटी घेऊन आला. ही गोष्ट तेजरामला मुळीच आवडली नव्हती.

परदेशी जाणाऱ्यांची कागदपत्रं जमवण्याचं काम कृष्णरावांकडे होतं. रायपूरच्या जुन्या मराठी घरातला माणूस, मोजकं बोलणारा आणि कागदांना जीव लावणारा. पहिल्याच दिवशी त्यांनी बारा जणांना समोर बसवून सांगितलं होतं, “व्हिसा म्हणजे त्या देशात शिरायची परवानगी. ती तुम्हाला मिळत नाही, तुमच्या फाइलला मिळते. फाइलच्या मागोमाग तुम्ही जाता, एवढंच.”

एकूण कागद लागत होते अकरा. त्यातले दहा तेजरामनं पंधरा दिवसांत हाणले. फोटो काढले, पोलिसांचा दाखला आणला. जन्माच्या दाखल्यापाशी जरा घोडं अडलं, कारण त्याची माय मैनाबाई हिच्या हिशेबानं तो ‘म्हैस विहिरीत पडली त्या साली’ जन्मला होता. तेजराम सुट्टी टाकून गावी गेला, म्हैस कोणत्या साली पडली याचा गावभर शोध घेतला, आणि म्हातारा कोतवाल म्हणाला ते साल दाखल्यावर चढवून आणलं. एवढं केल्यावर माणसाला गर्व होणारच.

अकरावा कागद होता देवीची लस टोचल्याची पिवळी पुस्तिका. चार तारखेला लस टोचायची, बारा तारखेला दवाखान्यात जाऊन दंड दाखवायचा. लस फुलली असेल तर डॉक्टर सही करणार आणि पंधरा तारखेला फायली दिल्लीला जाणार.

“पंधरानंतर आलेला कागद म्हणजे लग्न लागल्यावर टाकलेल्या अक्षता,” कृष्णराव म्हणाले होते.

लस तेजरामनं हसत हसत घेतली. दहा तारखेला त्याचा डावा दंड सुजला, दंडावर टपोरा फोड आला आणि अंगात ताप भरला. लस उत्तम फुलली होती. तेजराम खूश होऊन खाटेवर पडला, आणि नेमकी तिथंच माशी शिंकली.

मैनाबाईनं पोराचं अंग चाचपलं, फोड पाहिला आणि दोन्ही हात जोडले. “माता आल्या.”

“माय, हे टोचल्यानं आलं. डाक्टरनं सुईनं केलं.”

“सुईनं येवो का वाऱ्यानं. घरात आल्या त्या आल्या.”

मैनाबाईच्या माहेरी आणि सासरी मातेचे नियम चालत आले होते, आणि त्यात सुईसाठी सूट नव्हती. तिनं दारावर कडुलिंबाचे डहाळे बांधले. चपला अंगणाबाहेर गेल्या. चुलीवरची फोडणी बंद झाली, कारण तेल तडतडलं की माता तापतात. कंगवा, आरसा, साबण फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवले. सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे ज्याच्या अंगात माता असते त्याला अरे-तुरे करायचं नसतं. आजवर ‘गधड्या’ म्हणून उठवणारी माय तेजरामला ‘उठता का, आंबील घेता का’ असं विचारू लागली. त्याची बायको रंभा पाणी द्यायला आली तीही पाया पडून गेली.

“तू तरी समजून घे,” तेजराम कळवळून म्हणाला.

“मले समजते,” रंभा हळूच म्हणाली. ती चौथी पास होती. “पन आत्याबाईच्या समोर समजून कसं चालन?”

दोन दिवसांचाच प्रश्न आहे, बारा तारखेला उठून दवाखान्यात जाऊ, असा विचार करून तेजराम गप्प बसला. तो तसा समजूतदार होता, आणि समजूतदार माणसाचं नुकसान लवकर होतं.

त्याच महिन्यात मजुरांच्या झोपड्यांत देवीचे दोन रोगी सापडले होते. त्यामुळे सॅनिटरी इन्स्पेक्टर मारोतराव सायकलवर गल्लोगल्ली हिंडत होते. कोणत्याही घरात पाऊल न टाकता रस्त्यावरूनच रोग ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता. दारावर कडुलिंब दिसताच ते दहा पावलांवर थांबले आणि तोंडाला रुमाल लावला.

“बाई, घरात काय आहे?”

मैनाबाईला खोटं बोलता येत नव्हतं, आणि मातेच्या बाबतीत तर नाहीच. “माता आल्या हायेत.”

“कोणाला?”

“माह्या पोराले. दंडावर बसल्या हायेत.”

दंडावरची गोष्ट मारोतरावांनी लिहिली नाही. रजिस्टरात तसा रकाना नव्हता.

आतून तेजराम ओरडला, “साहेब, मले काई नाई झालं. मी लस घेतली, लस.”

मारोतरावांनी मान हलवली. “ताप डोक्यात गेलाय.”

“ते नाई, माता बोलून राहिल्या,” मैनाबाई म्हणाली. “तुमी मनावर घेऊ नोका.”

अर्ध्या तासात दारावर पाटी लागली, अंगणाभोवती दोरी आली आणि दोरीशी एक चौकीदार बसला. चौदा दिवस आतला माणूस बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. तेजरामनं बोटांवर मोजलं. दहा आणि चौदा चोवीस. फायली जाणार पंधराला.

परदेशात रोग नेऊ नये म्हणून त्यानं लस घेतली होती, आणि लस घेतली म्हणून त्याला रोगी ठरवून कोंडलं होतं. हे वाक्य त्यानं चौकीदाराला तीनदा समजावलं. चौकीदार म्हणाला, “भैया, हमको खाली दरवाजा देखने का आर्डर है.”

मग तेजरामनं कृष्णरावांना चिठ्ठी लिहिली. चांगली दोन पानी, सगळा खुलासा करून, शेवटी ‘आपला नम्र’ वगैरे. चौकीदारानं ती चिमट्यात धरून मारोतरावांकडे नेली. रोग्याच्या घरचा कागद तसाच बाहेर जाऊ देतील तर ते मारोतराव कसले? त्यांनी चिठ्ठी फिनाइलच्या बादलीत बुडवली, नीट हलवली, तारेवर वाळवली आणि तेजरामचं नाव सांगून मोठ्या इमानदारीनं कृष्णरावांच्या टेबलावर पोचवली. दोन कोरी पानं. शाईचा थेंब नाही, वास मात्र सगळ्या ऑफिसला पुरेल एवढा.

इकडे अरुणकुमार रोज संध्याकाळी दोरीपाशी येऊ लागला.

“वहिनी, तेजरामभाऊले कसं हाये?”

“बरं हाये,” रंभा खिडकीतून सांगायची.

“बरं हाये?” त्याचा चेहरा उतरायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं मनातलं बोलून टाकलं. “वहिनी, त्याईनं तो गरम कोट शिवला ना, तो पडून कावून ठेवता? फिनाइलमधी बुडवून द्या. मी वाळवून घेईन.”

ते ऐकून तेजराम भिंतीकडे तोंड करून बसला. त्याला खरंच जायचं होतं. टपरीवरच्या फुशारक्या बाजूला ठेवा. ज्या मिलचे खांब त्यानं स्वतः बोल्ट आवळून उभे केले होते, ती उद्या चालू झाल्यावर आपण बाहेर उभं राहून बघायचं आणि आतली कळ अरुणकुमारनं दाबायची, हे त्याला सोसवत नव्हतं. बारा तारीख गेली. तेराही गेली. त्याला रडू आलं, आणि मैनाबाईनं ते अश्रूही मातेचे म्हणून कपाळाला लावले.

पण कृष्णरावांनी आयुष्यात कागद फेकला नव्हता. त्या दोन कोऱ्या पानांवरही त्यांनी आवकचा शिक्का मारला, ‘प्रेषक : तेजराम, विषय : नाही’ असं लिहिलं, आणि मग विषय नाही म्हणजे काय, या विचारानं त्यांना चैन पडेना. चौदा तारखेला सकाळी ते स्वतः फाइल बगलेत मारून कॅम्प-१ मध्ये आले. मारोतराव दोरीपाशी हजर होतेच.

“या माणसाला चार तारखेला लस टोचलेली आहे. माझ्या रजिस्टरात आहे,” कृष्णराव म्हणाले.

“याला दहा तारखेला देवी आलेल्या आहेत. माझ्या रजिस्टरात आहे,” मारोतराव म्हणाले.

“तुमची नोंद चुकली असेल.”

“सतरा वर्षांत चुकली नाही. तुम्ही रोगाची नोंद खोडायला सांगताय?”

“मी खोडायला सांगत नाही. यांना जो रोग झाला तो झालाच नव्हता, असा दाखला द्या.”

“झाला नव्हता तर मी चौदा दिवसांसाठी कशाला कोंडलं, असं वरचे विचारतील. आधी झाला होता, मग नव्हता झाला, असं लिहू?”

कृष्णरावांनी यावर खरोखरच विचार केला. “तारखा घालून लिहिलंत तर चालेल.”

तासभर हे चाललं. गल्ली जमली. अरुणकुमार पाळीवर न जाता मारोतरावांच्या मागे उभा राहून मान डोलवत होता. शेवटी रंभानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. नवऱ्याच्या साहेबांसमोर ती कधी बोलली नव्हती.

“साहेब, तुमी दोघंही रजिस्टर पाहून राहिले. मानसाचा दंड कोनी पायलाच नाई.”

हा मार्ग कोणाला सुचला नव्हता. दवाखान्यातून डॉक्टरांना बोलावलं गेलं. मैनाबाईनं त्यांना बूट अंगणाबाहेर काढायला लावले आणि पायांवर पाणी घातलं. ओल्या मोज्यांनी डॉक्टर आत गेले, तेजरामचं सगळं अंग तपासलं आणि खो खो हसत बाहेर आले. पण दोरीपाशी दोन रजिस्टरं समोरासमोर उघडी धरलेली पाहून त्यांचं हसू मावळलं. ते सरकारी नोकरीत मुरलेले होते. पुस्तिकेवर सही करून त्यांनी वेगळा दाखलाही लिहिला.

‘रोग : देवी. फोडांची संख्या : एक. जागा : डावा दंड. कारण : लस. रोगी पूर्ण बरा आहे.’

मारोतरावांना दाखला पसंत पडला, कारण त्यात रोग होता. कृष्णरावांनाही पसंत पडला, कारण त्यात लस होती. मैनाबाईला वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, “एकच फोड देऊन सोडलं. मातेचे उपकार हायेत.” दोरी सुटली. एकाऐवजी दोन कागद जोडून, अकराची बारा झालेली फाइल पंधरा तारखेला दिल्लीला गेली आणि महिन्याभरानं तिच्या मागोमाग तेजराम गेला. दुर्ग स्टेशनवर अरुणकुमारनं त्याला हार घातला. हार घालताना तो कोटाच्या बाह्यांकडे बघत होता.

रशियाहून पहिलं पत्र यायला दीड महिना लागला. रंभा खाटेवर बसून मोठ्यानं वाचू लागली. मैनाबाई समोर तांदूळ निवडत होती.

“‘विमान खाली उतरलं. बाकीच्या अकरा जनाईच्या पिवळ्या पुस्तिका पाहून त्याईले एका मिनिटात सोडलं. माह्या पुस्तिकेले कृष्णरावसाहेबांनी तो दाखला टाचून ठेवला होता. तिथल्या डाक्टरीनबाईनं दुभाष्याले बलावलं. दुभाष्यानं पयला शब्द वाचला, रोग, देवी. फोडाची संख्या वाचाच्या आधीच मले गाडीत घातलं.’”

“अवो माय,” मैनाबाई म्हणाली.

“‘चौदा दिवस एका पांढऱ्या खोलीत होतो. रशियातली एक खिडकी पायली. चांगली हाये. पंधराव्या दिवशी डाक्टरीन आली, सगळे कागद पायले, काई समजलं नाई म्हनून खात्रीसाठी तिनं मले उजव्या दंडावर पुन्हा टोचलं. आता आठ दिवस झाले. उजवा दंड सुजला हाये, फोड आला, बारीक ताप हाये. बाकी खुशाल. ता. क. हे मायले सांगू नोको.’”

ताजा कलम वाचून झाल्यावर रंभानं जीभ चावली. मैनाबाईच्या हातातलं सूप थांबलं होतं. मग तिनं पदर सावरून हात जोडले.

“म्हंजे माता तिकडंही पोचल्या,” ती म्हणाली. “आन् त्याईले कोनी एकही कागद मांगतला नाई?”

रंभानं पत्र उलटसुलट करून पाहिलं. तसं काही लिहिलेलं नव्हतं.