गाडी सावलीला लावून येतो

अक्षता पडायच्या ऐन वेळी मांडवाकडं मान वर करून "हे पडलं तर?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. वाकळे मामा. लग्न माझ्या मेव्हणीचं, मांडव सासऱ्यांच्या दारात, आणि मामांना पत्रिका देणारा शहाणा मी. सासरे माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मीच बांबू हलवलाय. मामांना त्याचं काहीच नाही. त्यांनी खांबाला थापा मारल्या, मांडववाल्याला बोलावून दोरी आवळून घेतली आणि मंगलाष्टका सुरू होता होता "जरा गाडी सावलीला लावून येतो" म्हणून जे गेले, ते थेट जेवायच्या वेळीच उगवले.

मामा विम्याचे एजंट. कुणाचेच मामा नाहीत, पण अख्खं संभाजीनगर त्यांना मामाच म्हणतं. आणि मी सुतारकामाचा ठेकेदार. आधी दारं-खिडक्या करायचो. पण हल्ली शहराभोवती ज्याच्याकडं थोडं रान आणि एक विहीर आहे तो हॉटेल काढतो, आणि त्याला सगळं लाकडी पाहिजे असतं. लाकडी खांब, त्यावर छपराला पेलणाऱ्या लाकडी कैच्या, कैच्यांवर कौलं. काम उंचावर गेलं, म्हणून मी माझ्या माणसांचा विमा काढला, आणि विम्यासोबत मामा आले.

बाकीचे एजंट दिवाळीला कॅलेंडर देतात आणि हप्ता आला की फोन करतात. मामा विमा काढतात आणि मग बोकांडी बसतात. जुनी लाल मोटारसायकल फटफटवत साइटवर यायचं, खाली कंबरेवर हात ठेवून उभं राहायचं आणि वर बघून ओरडायचं, "टोपडं! टोपडं घाला!" हेल्मेटला ते टोपडं म्हणतात. दाढीमिशीवाल्या बाप्यांना तान्ह्या लेकरासारखं टोपडं घालायला लावणारा हा माणूस बघून शेजारच्या रानातल्या बाया काम सोडून हसायच्या.

माझा मुख्य कारागीर रशीद मिस्त्री, सिल्लोडचा. कैची बसवावी तर त्यानंच. तो वरून खेचायचा, "मामा, अपुन पडेंगे तो तुमच्या अंगावरच पडेंगे. तुम्ही मऊ हाय, लागणार नाय!"

"आणि मला लागलं तर?" मामा खालून विचारायचे. "माझा विमा कुणी काढायचा?"

पण साइट सोडा, हा माणूस बारशातसुद्धा पाळण्याचा हूक ओढून बघणार. "हे निसटलं तर?" अहो, बारसं आहे! बाळाच्या आजीनं कडाकडा बोटं मोडली होती. अशा वेळी मामांना हमखास गाडी आठवायची. कुठंही काही शुभ असलं की मामांची गाडी उन्हात. नारळ फुटायचा तेव्हा मामा बाहेर, ओटी भरायची तेव्हा मामा बाहेर. "मामांची गाडी लई नाजूक, ऊन लागलं की काळी पडते," असं आम्ही म्हणायचो. मी तर त्यांना एकदा म्हणालो, गाडीला छत्री घेऊन द्या. तेही हसले होते.

मग दौलताबादच्या रस्त्याला कदमांच्या हॉटेलचं काम निघालं.

उघडं माळरान, मधोमध आमचा लाकडी सांगाडा. शेवटची कैची चढली त्या दिवशी कदमांनी पूजा ठेवली. पाहुणेरावळे आले. खांबांना हळदकुंकू लागलं. अशा दिवशी मिस्त्रीला आहेर करतात, टॉवेल-टोपी देतात. पण कदम हौशी माणूस. त्यांनी रशीदच्या डोक्यावरचं हेल्मेट स्वतःच्या हातानं काढलं, बाजूला ठेवलं आणि त्याला भगवा, तुरेदार फेटा बांधला. आम्ही टाळ्या वाजवल्या. रशीदनं खिशातला आरसा काढून मिशी बघितली. "भाऊ, आज अपुन नवरदेव!" तो मला म्हणाला.

आता एक काम उरलं होतं. वर टोकाला आंब्याचा डहाळा मिस्त्रीनंच बांधायचा असतो. रशीद शिडीनं चढला. मानाचा फेटा असा लगेच कोण उतरवतो? फेट्यावर हेल्मेट बसतही नाही. त्यानं डहाळा बांधला, खाली बघून सलाम केला, सगळ्यांनी फोटो काढले. उतरताना फेट्याचा मागं सोडलेला शेमला खिळ्यात अडकला. मान मागं ओढली गेली, पाय सुटला. मांडीचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. देवा शप्पथ, तो आवाज आजही कानात आहे.

सगळ्यात आधी धावत आले ते मामा. कुठून तरी, गेटाकडून. ओरडले नाहीत, काही नाही. रशीदचं डोकं मांडीवर घेऊन मातीत बसले.

डॉक्टर म्हणाले, दोन ऑपरेशनं लागतील. पहिलं झालं, पण दुसऱ्याशिवाय पाय धरणार नाही. पैसे भरल्याशिवाय हॉस्पिटल हात लावायला तयार नव्हतं, आणि माझी होती नव्हती ती पुंजी पहिल्यातच संपली होती. आता सगळी भिस्त विम्यावर. रशीदची बायको फरिदाभाभी रोज विचारायची, "भाऊ, कंपनीचं काय झालं?" आणि मी रोज खोटं बोलायचो, की होतंय. होत काहीच नव्हतं. विम्यात एक अट होती. सांगूनसुद्धा कामगारानं हेल्मेट मुद्दाम काढलं आणि त्यापायी अपघात झाला, तर त्याला काही मिळणार नाही. आणि इथं हेल्मेटच्या जागी फेटा होता, तोच खिळ्यात अडकला होता.

चौकशीला कंपनीच्या मॅडम येणार होत्या. आदल्या दिवशी मी मामांना पैठण गेटच्या खानावळीत गाठलं. एकटेच जेवत होते.

"मामा, एवढंच सांगा, की हेल्मेट होतं आणि पडताना निघालं."

"नव्हतं."

"अहो, मला माहितीये नव्हतं!"

"मग विचारताय कशाला?"

मी ताटावर हात आपटणार होतो. "पाय जाईल त्याचा! तुमच्या खरेपणाची काय पूजा घालायची?"

"फेटा सगळ्यांच्या फोनमध्ये आहे, ठेकेदार," मामा म्हणाले. "खोटं धरलं गेलं तर उरलंसुरलंही जाईल." मग भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून बसले. मी न जेवता उठलो. माणूस नाही, दगड आहे, असं मनात म्हणालो.

दुसऱ्या दिवशी साइटवर मी, कदम, कदमांचे वडील आबा, मामा, आणि मॅडम. मॅडम वयानं लहान, आवाज एकदम शांत. अशा माणसांची मला जास्त भीती वाटते. त्यांनी शिडी बघितली, खिळा बघितला, फोटो बघितला. मग मामांकडं वळल्या.

"तुम्ही यांना हेल्मेट घालायला सांगत होता?"

"रोज," मामा म्हणाले.

"म्हणजे मिस्त्रींना माहीत होतं."

"होतं."

गेलं! या माणसानं घालवलं.

"हेल्मेट त्यांनीच काढलं?"

"नाही. मालकांनी काढलं, फेटा बांधायला." कदम खाली बघायला लागले.

"पण वर चढताना परत घालता आलं असतं. त्या वेळी तुम्ही सांगितलं नाही?"

"मी नव्हतो."

"तुम्ही तर पूजेला आला होता."

"गेटावर होतो." मामांनी तिकडं बोट दाखवलं. "गाडी सावलीला लावायला गेलो होतो."

मॅडमनी गेटाकडं बघितलं. मीही बघितलं. कदमांनीही. लांबवर नुसता माळ, कडक ऊन, आणि गेटाशी मामांची लाल गाडी रखरखत्या उन्हात उभी. आसपास झाड सोडा, साधं झुडूपसुद्धा नव्हतं.

"कुठली सावली?" मॅडमनी विचारलं.

मामांनीही गाडीकडं बघितलं.

"सावली नाही," ते म्हणाले. "मी पूजेत शिडी हलवून बघत होतो. पडलं तर, असं म्हणालो. आबा म्हणाले, हा माणूस समोर नको. त्यांचंही चुकलं नाही, शुभ काम होतं. मला सवय आहे. कुणी म्हणायच्या आतच मी निघतो, त्या दिवशी जरा उशीर झाला." त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "मी असतो तर ओरडलो असतो, मॅडम. फेटा उतरवायला लावला असता, शिव्या खाल्ल्या असत्या. मिस्त्रीनं माझं सांगणं कधी मोडलं नाही. चेष्टा करायचा, पण टोपडं घालायचा. त्या दिवशी त्याला सांगितलंच नाही कुणी. सांगणारा माणूस बाहेर होता. त्यात त्याचा काय गुन्हा?"

"हे खरं आहे?" मॅडमनी आबांना विचारलं.

आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "खरं हाय, बाई," ते म्हणाले.

मला मेव्हणीचं लग्न आठवलं. बारसं आठवलं. ती छत्रीची चेष्टा आठवली, आणि मला माझीच लाज वाटली.

भरपाई मंजूर झाली. फोन आला तेव्हा फरिदाभाभी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून ढसाढसा रडली. रशीदचं दुसरं ऑपरेशन झालं. गेटावरची सगळी हकीकत मी त्याला खाटेशी बसून सांगितली.

हॉटेलच्या उद्घाटनाला रशीद कुबडी घेऊन आला. कदम पुन्हा फेटा बांधायला पुढं आले. रशीदनं हात आडवा धरला. "आधी टोपडं, उसके ऊपर फेटा," म्हणाला आणि खरोखरच हेल्मेटवर फेटा बांधून घेतला. डोकं घागरीएवढं दिसत होतं. पाहुणे हसून हसून लोळायचे बाकी होते.

मामा आले होते. दाराच्या तोरणाची तार ओढून बघितली, काही तरी पुटपुटले. मग आबा नारळ घेऊन आले तशी मामांनी खिशातली किल्ली चाचपली. "जरा गाडी..."

"मामा," रशीदनं कुबडी आडवी घातली. "गाडी उन्हातच राहू द्या."

मामा जागच्या जागी थांबले. आबा पुढं आले, नारळ मामांच्या हातात दिला आणि म्हणाले, "तुम्हीच फोडा." मामांनी नारळ घेतला, आजूबाजूला उभ्या असलेल्या लेकरांना मागं सरकवलं, आणखी मागं सरकवलं, आणि मग फोडला. आबांनी मामांना टॉवेल-टोपीचा आहेर केला. टॉवेल त्यांच्या खांद्यावर घातला.

पंगत उठली तेव्हा ऊन नुसतं पेटलं होतं. गाडीची सीट तव्यासारखी तापलेली. मामा बसले आणि चटका बसून टुणकन उभे राहिले.

"अहो मामा, खांद्यावरचा टॉवेल टाका की सीटवर!" मी ओरडलो.

मामांनी टॉवेलाकडं बघितलं. त्याची घडी नीट केली, परत खांद्यावर ठेवली, आणि तसेच त्या तापल्या सीटवर बसून निघून गेले.