निळ्या दारापर्यंतचा रस्ता

"बाबा, मी अंबरीशला लोकेशन पाठवून देते. तुम्ही फोनवर रस्ता सांगत बसू नका," चिन्मयीनं सकाळपासून तिसऱ्यांदा बजावलं.

"काहून?" बापूसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मुलाकडची माणसं पहिल्यांदा घरी येऊन राहिली, आणि मुलीच्या बापानं रस्ता सांगायचा नाही?"

"मोबाइलमधली बाई त्यांना थेट दारात आणून सोडेल."

"त्या बाईला जबलपूर काय ठाऊक?"

बापूसाहेबांना ठाऊक होतं. जन्म जुन्या गावातल्या दीक्षितपुऱ्यातला, शाळेत गणित शिकवण्यात हयात गेली, आणि निवृत्तीनंतर पायऱ्या चढवेनात म्हणून ते जुनं घर विकून अधारतालला राहायला आलेले. त्यांची पत्ता सांगायची पद्धत एकच होती: जे आता तिथं नाही, त्याच्यावरून. कुणी हसलं तर ते समजावून सांगत. ज्या गावात तळी बुजून वर घरं उभी राहिली तरी मोहल्ल्यांनी नावातला ताल, म्हणजे तलाव, सोडला नाही, तिथला माणूस डोळ्यांसमोरच्या दुकानावर कसा विसंबेल? दुकानाची पाटी दर दिवाळीला बदलते. पाडलेली टॉकीज मात्र जागची हलत नाही.

एरवी चिन्मयीनं हे हसण्यावारी नेलं असतं. पण आज गोष्ट तिच्या लग्नाची होती. इथल्या बँकेत नुकताच बदलून आलेला अंबरीश आणि ती, दोघांचं ठरलेलं होतं. राहिली होती ती फक्त त्याची आत्या. लतिकाबाईंनी त्याला लहानाचा मोठा केला होता आणि त्यांचा शब्द मोडून लग्न करणार नाही, हे त्यानं आधीच सांगून टाकलं होतं. बाई नागपूरला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. ताटकळत ठेवलेलं त्यांना खपत नसे.

गाडी वेळेवर आली. आत्याला घेऊन स्टेशनाबाहेर टॅक्सीत बसल्याबरोबर अंबरीशला फोन आला.

"तो नकाशा आधी बंद करा," बापूसाहेब म्हणाले. "मी सांगतो तसे चला."

होणाऱ्या सासऱ्याचा पहिलाच हुकूम. अंबरीशनं नकाशा बंद केला.

बापूसाहेब आरामखुर्चीत मागे रेलले. डोळे मिटले की त्यांना गाव जास्त स्पष्ट दिसे. "आता पुढं एक पडकी टॉकीज लागेल. पडकी म्हणजे आता नाहीच ती. तिथून वळायचं."

"काका, इथं साड्यांचं दुकान आहे."

"कुणाला तरी विचारा."

फोनमधून एका पोराचा आवाज ऐकू आला, "टॉकीज? यही तो है, भैया." साड्यांच्या दुकानाकडे बोट दाखवणाऱ्या त्या पोरानं टॉकीज जन्मात पाहिली नसणार. बापूसाहेबांना भरून आलं. ते पत्नीला म्हणाले, "प्रमोदिनी, गाव असावं तर असं."

मग टांगा स्टँड आला, जिथं आता मोबाइल दुरुस्त होत होते. बुजवलेली विहीर आली. तोडलेला कडुनिंब आला आणि एका म्हाताऱ्यानं त्याच्या सावलीचीही आठवण काढली. टॅक्सीवाला बिचारा कपाळाला हात लावत होता, पण विचारलं त्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बापूसाहेब रंगात आले होते. दर वळणाला दोन वाक्यं रस्त्याची आणि चार इतिहासाची.

"आता गल्ली अरुंद होईल. टॅक्सी सोडून द्या. समोर निळं दार दिसलं?"

"दिसलं, काका."

"बस. तेच. कडी वाजवा."

बापूसाहेब लगबगीनं उठले, उपरणं सारखं केलं आणि स्वागताला दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं.

"बाबा," चिन्मयी मागून म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "आपलं दार निळं कधी होतं?"

बापूसाहेबांनी दाराकडे पाहिलं. ते तपकिरी होतं. निळं दार दीक्षितपुऱ्यात होतं, विकलेल्या घराला. चाळीस वर्षं पाहुण्यांना सांगितलेला रस्ता जिभेनं आपणहून सांगून टाकला होता.

त्यांनी घाईघाईनं अंबरीशला फोन लावला. एवढ्या इतिहासानं त्याच्या फोनची बॅटरी संपली होती. मग मुरलीधर गुप्तांना लावला. निळ्या दाराचं घर त्यांनीच घेतलं होतं.

"हाँ मास्साब, यहीं बैठे हैं," मुरलीधर दबक्या आवाजात म्हणाले. "अभी बात चल रही है. बाद में करता हूँ." आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलेनात.

"कसली बात चालून राहिली?" प्रमोदिनीताईंनी विचारलं. चिन्मयी खोलीत जाऊन बसली. बापूसाहेब तिच्या दाराशी जाऊन "चिनू, चुकलं माझं" म्हणून आले. त्यावर तिनं आतून कडी लावली, तेव्हा त्यांना खरंच भीती वाटली.

दुपार कलल्यावर मुरलीधरांच्या गाडीतून पाहुणे उतरले. अंबरीशच्या कपाळावर भलामोठा टिळा होता. लतिकाबाई कुणाकडे न पाहता आत आल्या.

बापूसाहेबांनी हात जोडले. "ताई, माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला. राग माझ्यावर काढा, पोरीवर नको."

"राग नाही हो," बाई खुर्चीत टेकल्या. "मी मुलीची चौकशी करायला आले होते. त्या घरात मास्तरांचं घर म्हणून गेले तर आम्हाला बसवून घेतलं. कोण म्हणून विचारलं. चिन्मयीचं नाव निघालं आणि अख्खी गल्ली गोळा झाली. आमच्या मोहल्ल्याची पोरगी आहे म्हणाले, आणि अंबरीशची चौकशी सुरू केली."

"अरे देवा," प्रमोदिनीताई म्हणाल्या.

"पगार विचारला. राग येतो का विचारलं. शेजारच्या राधाबाईंनी त्याला चहा करायला लावला, सगळ्यांसाठी. साखर विसरला हा." लतिकाबाईंनी भाच्याकडे पाहिलं. भाच्यानं खाली पाहिलं. "घर विकलं तरी तुमच्या पोरीवरचा हक्क सोडत नाहीत हो ती माणसं. अशा घरची मुलगी मला डोळे मिटून चालेल. पण..."

"पण काय?" खोलीच्या दारातून चिन्मयीनं विचारलं.

"ते म्हणाले, विचार करून कळवतो." आयुष्यभर मुलींना पास-नापास केलेल्या बाईंचा आवाज उतरला होता. "मास्तर, तुमचं तिथं वजन आहे. जरा शब्द टाकता का?"

बापूसाहेबांनी गंभीरपणे फोन लावला. या वेळी मुरलीधरांनी उचलला.

"मास्साब, आप बीच में मत पड़िए. हम सब तैयार हैं, बस राधाबाई का मन नहीं बना. अभी सो रही हैं. उठेंगी तो बताएँगी."

बापूसाहेबांनी निरोप जसाच्या तसा सांगितला. लतिकाबाईंनी पदर सारखा केला, घड्याळाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "साधारण किती वाजता उठतात त्या?"