डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या

माणसाचं आणि जनावराचं औषध एकच असतं, फरक फक्त वजनाचा, असं मामा नेहमी सांगायचे. आणि इतक्या ठामपणे सांगायचे की ऐकणाऱ्याला स्वतःचं वजन आठवून उगाच ओशाळल्यासारखं व्हायचं. बत्तीस वर्षं ते औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभे राहिले होते. जे अक्षर लिहिणाऱ्या डॉक्टरालाही लागत नसे ते मामांना लागायचं. गिऱ्हाइकं त्यांना 'डॉक्टर' म्हणायची, आणि मामांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. ते केलं असतं तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

मामांच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईचा, गावाबाहेर तबेला होता. सहा घोडे, एक रिंगण आणि सुट्टीच्या दिवशी घोड्यावर बसायला शिकणारी मंडळी. त्या आठवड्यात ताईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आठ दिवस धुळीत जायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. नेमकी त्याच आठवड्याच्या रविवारी तिच्या मुलीची घोडेस्वारीची निवड चाचणी होती. मुलगी दिवसभर ऑफिसात नोकरी करायची आणि सकाळ-संध्याकाळ 'तांबडी' नावाच्या घोडीवर अडथळे ओलांडायची. तीन वर्षं ती या एका रविवारची वाट पाहत होती. मागच्या वेळी तिचा हात मोडला होता, त्याच्या आदल्या वेळी घोडी लंगडत होती.

"तू नुसता तिथे बस," ताई मामांना म्हणाली. "फोन आला तर घे. बाकी सगळं मोतद्दार बघतो. कशाला हात लावू नकोस."

"ताई, मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर बरं होतं. कडी लावून घरात ठेवला असता."

सोमवारी सकाळी मामा इस्त्रीचा शर्ट घालून तबेल्यात हजर झाले. मोतद्दार वीस वर्षं इथले घोडे सांभाळणारा जुना माणूस, बोलायला कमी. त्याने विचारलं, "तुम्हाला काय म्हणायचं?"

"लोक डॉक्टर म्हणतात," मामा म्हणाले.

"बरं, डॉक्टर," असं म्हणून तो खरारा करायला निघून गेला.

नुसतं बसणं मामांना अकरा वाजेपर्यंत जमलं. मग त्यांना तांबडीची झूल दिसली. रात्री घोडीच्या पाठीवर घालायची जाड झूल, मळलेली, आणि वासाबद्दल तर न बोललेलं बरं. इतक्या मोठ्या चाचणीला निघालेली घोडी, आणि तिच्या अंगावर हे? मामांनी झूल उचलून गाडीत कोंबली.

"ताई साध्या पाण्याने धुतात ती," मोतद्दार म्हणाला.

"म्हणूनच अशी दिसते," मामा म्हणाले.

घरच्या मशीनमध्ये त्यांनी ती दुप्पट पावडर घालून धुतली. वर कपडे मऊ करायचं सुगंधी औषध झाकणाने मोजून नाही, बाटलीने ओतलं. मशीन शेवटी शेवटी जागा सोडून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चालत आली. पण झूल अशी निघाली की मामांनाच पांघरून झोपावंसं वाटलं. मंगळवारी रात्री ती तांबडीच्या पाठीवर चढली.

बुधवारी सकाळी तांबडीच्या अंगावर गांधी उठल्या होत्या. मानेपासून मांडीपर्यंत, सुपारीएवढ्या, कुठे पुरीएवढ्या. घोडी खांबाला पाठ घासत होती, भिंतीला मान घासत होती, आणि मामा जवळ गेले तेव्हा मामांना घासली. इस्त्रीच्या शर्टाचं एक बटण गेलं.

भाची ऑफिसला निघण्याआधी आली होती. तिचा चेहरा उतरला. "मामा, डॉक्टरांना लगेच फोन कर. चार दिवसांवर चाचणी आहे रे."

तिच्या मनात घोड्यांच्या डॉक्टर होत्या. तबेल्यात वर्षानुवर्षं येणाऱ्या या पशुवैद्याला मोतद्दार मात्र 'बाई' म्हणायचा. मामांनी फोन केला. बाई दुसऱ्या एका तबेल्यात अडलेल्या घोडीजवळ होत्या. "मी उद्या संध्याकाळी येते. तोवर अंगाला लागणारं काही नवीन असेल तर काढा, थंड पाण्याने धुवा आणि औषध काही देऊ नका," त्या म्हणाल्या.

"झुलीमुळे तर नसेल?" मोतद्दाराने विचारलं.

आता इथे मामांच्या मनात काहीतरी हललं, हे कबूल करायला हवं. नाकाशी सुगंधही आला. पण बत्तीस वर्षांच्या अनुभवाने त्या शंकेला खांद्याला धरून खाली बसवलं. "माश्या चावल्या असतील," मामा म्हणाले. "खाज म्हणजे ॲलर्जी, आणि ॲलर्जीची गोळी आपल्याकडे आहे."

ती होती जुन्या पद्धतीची गोळी, जी घेतली की माणूस पेपर वाचता वाचता पेपरवर झोपतो. माणसाला एक. घोडी किती माणसांएवढी? मामांनी तांबडीकडे पुढून पाहिलं, बाजूने पाहिलं, आणि हिशेब धरला सात. गोळ्या कुटून गुळात कालवल्या. तांबडीने त्या चाटूनपुसून खाल्ल्या आणि आणखी आहेत का म्हणून मामांचा खिसा हुंगला. संध्याकाळपर्यंत गांधी थोड्या बसल्या. मामांनी बाईंना फोन केला, "बरं आहे आता. उद्या येण्याची तसदी घेऊ नका."

रात्री झूल परत चढली. गुरुवारी सकाळी गांधीही परत चढल्या. मामांनी सातच्या दहा गोळ्या केल्या. शुक्रवारी बारा.

गुरुवारीच ताईने डोळ्यावर पट्टी असताना मोतद्दाराला फोन लावला. "तांबडी कशी आहे रे?"

"बरी आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या."

ताईचा जीव भांड्यात पडला. डॉक्टर म्हणजे तिच्या लेखी एकच. तिने मुलीला सांगितलं, डॉक्टर येऊन गेल्या, गोळ्या सुरू आहेत, चाचणीचं त्यांना ठाऊकच आहे, तेव्हा चालणाऱ्याच दिल्या असणार.

त्या संध्याकाळी भाची तबेल्यात आली ती हसतच. "मामा, डॉक्टरांनी वेळेवर औषध दिलं म्हणून वाचलो रे. नाहीतर माझं काही खरं नव्हतं."

मामांना वाटलं, पोरगी आपल्यालाच म्हणतेय. सगळं जग म्हणतं, पण घरच्या माणसाने पहिल्यांदाच 'डॉक्टर' म्हटलं होतं. "त्यात काय एवढं," ते म्हणाले, आणि घोडीच्या पाठीवरून हात फिरवायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

शुक्रवारी संध्याकाळी शेवटचा मोठा सराव होता. भाची खोगिरावर बसली, तांबडी दोन फेऱ्या चालली. चालली म्हणजे पाय तिचे होते, मन कुठे होतं सांगता येत नाही. मग पहिल्या अडथळ्याकडे निघाली, दांडीसमोर येऊन थांबली, खालचा ओठ लोंबता सोडला आणि डोळे मिटले. भाचीने टाच मारली. घोडीने मान खाली घातली, आणि त्या मानेवरून भाची घसरगुंडीवरून यावी तशी सावकाश वाळूत येऊन बसली.

लागलं नाही. पण ती उठली नाही लवकर. वाळूत बसूनच तिने फोन काढला.

"डॉक्टर, तुम्ही दिलेल्या गोळ्यांनी तांबडीला फार झोप येतेय."

पलीकडून काय आलं ते मामांना ऐकू आलं नाही. भाचीचा प्रश्न तेवढा ऐकू आला, "म्हणजे? तुम्ही नाही दिल्या?"

अर्ध्या तासात बाईंची गाडी आली. त्यांनी घोडीचे ठोके मोजले, डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या, गांधींवरून बोटं फिरवली. "जिवाला धोका नाही. कुणी दिल्या गोळ्या?"

"डॉक्टरांनी," मोतद्दार म्हणाला.

"मी दिल्या नाहीत."

"तुम्ही नाही, बाई. डॉक्टरांनी."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

मोतद्दाराने बोट दाखवलं. मामा दाण्याच्या पिंपामागे उभे होते. पिंप त्यांच्या कमरेएवढंच होतं, त्यामुळे लपायचा तसा काही उपयोग नव्हता.

"मी डॉक्टर नाही," मामा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, आणि तेही सगळा तबेला ऐकत असताना. "औषधाच्या दुकानात होतो. बारा गोळ्या दिल्या आज. काल दहा. परवा सात."

बाई रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या शांतपणे समजावत बसल्या. घोड्यांनाही या गोळ्या देतात, पण कुठली आणि किती ते माणसाच्या मापाने ठरत नाही. एकाला गुण येतो, दुसऱ्याला काडीचा येत नाही, कुणी पेंगतं, कुणी उलट बिथरतं. आणि खाज कशाची ते शोधून ते आधी दूर करायचं असतं, नाहीतर गोळ्या देतच राहायच्या. एवढं बोलून त्यांनी कठड्यावरची झूल उचलली, नाकाशी नेली आणि दोनदा शिंकल्या.

"ही कशात धुतली?"

मोतद्दार वर छताकडे बघायला लागला. मामांनी तेही सांगितलं. बाटलीसकट.

"आणि रविवार?" भाचीने विचारलं.

"नाही जमायचं," बाई म्हणाल्या. "चाचणीत घोड्यांची रक्ततपासणी असते. हे औषध चालत नाही, आणि दोन दिवसांत ते रक्तातून जाईल असं मी लिहून देणार नाही. सापडलं तर तुमच्यावर बंदी येऊ शकते."

मग मामा जे बोलले ते त्यांना पुढे कित्येक दिवस अंघोळ करताना आठवायचं आणि ते तांब्या हातात धरून तसेच उभे राहायचे. ते म्हणाले, "पण तपासणी सगळ्याच घोड्यांची थोडीच होत असेल? आपण सांगितलंच नाही तर?"

भाचीने त्यांच्याकडे पाहिलं. जन्मापासून ती त्यांना 'अरे मामा' म्हणत आली होती.

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही घरी जा."

त्या 'तुम्ही'ने मामांना जे झालं ते कुठल्या गोळीने बरं होणारं नव्हतं.

ते घरी गेले नाहीत. बाईंनी सांगितल्याप्रमाणे गार पाण्याची बादली घेऊन तांबडीचं अंग धूत राहिले, मोतद्दाराने पुरे म्हणेपर्यंत. मग ताईला फोन केला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, काही न गाळता. ताईने सगळं ऐकून घेतलं.

"घोडी बरी आहे ना?"

"हो."

"आणि पोरगी?"

मामांनी रिकामी बादली पालथी घातली. "उद्या तिच्याबरोबर जा," ताई म्हणाली. "नाव मागे घ्यायला तिला एकटीला पाठवू नकोस."

शनिवारी सकाळी दोघं चाचणीच्या कार्यालयात गेले. गाडीत भाची खिडकीबाहेर बघत होती. मामांनी तीन वेळा घसा साफ केला, आणि तिन्ही वेळा तो नुसताच साफ झाला. कार्यालयात खिडकीमागे चष्मा लावलेले वयस्क कारकून बसले होते. त्यांनी एक छापील अर्ज पुढे सरकवला. भाचीने नाव लिहिलं, घोडीचं नाव लिहिलं, आणि 'माघार घेण्याचं कारण' या रकान्याशी तिचं पेन थांबलं.

"कौटुंबिक अडचण लिही," मामा हळूच म्हणाले. "खोटं नाही ते."

तिने एकदा मामांकडे बघितलं. मग खाली वाकून एकच शब्द लिहिला आणि अर्ज आत सरकवला.

कारकुनांनी तो वाचला. चष्मा काढला. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"माघारीचं कारण: मामा," त्यांनी हलक्या आवाजात वाचलं. "अरेरे. फार वाईट झालं हो. ऐन चाचणीच्या तोंडावर." मग मामांकडे वळून, घरातलं जाणतं माणूस समजून, त्यांनी विचारलं, "कधी गेले?"

भाचीच्या खांद्यांना कालपासून पहिल्यांदाच हसू फुटत होतं. ते दाबायला तिने ओढणी तोंडात धरली होती.

मामांनी मान खाली घातली.

"अजून गेले नाहीत," ते म्हणाले. "मीच तो."