उजवा डोळा ऑफररावांचा, डावा माझा

खर्च दोन प्रकारचे असतात. एक, जो गरजेपोटी करावा लागतो. त्याला समाजात काडीची प्रतिष्ठा नाही. दुसरा, जो नव्वद दिवसांत केला तर बक्षीस मिळतं. पहिल्या प्रकारचा खर्च करून माणूस तोंड पाडून घरी येतो. दुसऱ्या प्रकारचा करून येतो तेव्हा गड जिंकल्यासारखा येतो, आणि बायकोने "पिशवीत काय आणलंत?" असं विचारलं तर त्याला आधी आठवावं लागतं.

हे ज्ञान मला माझ्या साडूंनी दिलं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. नोकरी लिफ्टच्या तपासनिसाची, पण घराण्यात त्यांना ऑफरराव म्हणूनच ओळखतात. त्यांची पद्धत अशी : नवीन क्रेडिट कार्ड घ्यायचं, बँकेने सांगितलेली रक्कम नव्वद दिवसांत खर्च करायची, वेलकम बोनसचे पॉइंट पदरात पाडून घ्यायचे आणि वर्षाची फी लागायच्या आत कार्ड बंद करून दुसऱ्या बँकेच्या दारात उभं राहायचं. बँका हे पैसे वाटतात तरी कुणाच्या जिवावर, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि म्हणाले, "तुझ्यासारख्यांच्या." दुसऱ्याच दिवशी मी कार्डासाठी अर्ज केला.

(मी एका कार्यालयात जावक लिपिक आहे. बाहेर जाणाऱ्या कागदांवर नंबर टाकणं हे माझं काम. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या कुठल्याही गोष्टीला नंबर मिळावा, हा विचार मला पटायला वेळ लागला नाही.)

ऑफररावांची तीन वर्षांची कमाई त्यांच्याच वहीतून उतरवून घेतली आहे, ती नवशिक्यांसाठी देतो :

प्रवासी बॅगा : तीन. (पैकी दोन तिसरीत ठेवल्या आहेत.)
विमानतळावरच्या लाउंजमधली फुकट जेवणं : चौदा.
विमानप्रवास : दोन. (बाकी बारा वेळा तिकीट काढलं, आत जाऊन जेवले, बाहेर येऊन तिकीट रद्द केलं.)
पावलं मोजणारं मनगटी घड्याळ : एक. (ऑफरराव लिफ्टने जातात. ती नोकरीच आहे.)
शिल्लक पॉइंट : एक लाख सदतीस हजार. त्यांची किंमत मागच्या महिन्यापर्यंत चौतीस हजार होती. मग बँकेने नियम बदलले. आता अकरा हजार आहे.

अशा माणसाच्या सहवासात कुटुंबाला शिस्त लागते. आमच्याकडे खर्च निघाला की "किती?" असं कुणी विचारत नाही, "कधी?" असं विचारतात. फ्रिज बंद पडला तेव्हा माझी मुदत नुकतीच संपली होती आणि नवीन कार्ड यायचं होतं, म्हणून सव्वीस दिवस आमचं दूध शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये राहिलं. (शेजारी चांगले आहेत. सत्ताविसाव्या दिवशी बोलेनासे झाले.) बायकोच्या दाढेचं प्रकरणही मी रीतसर हाताळलं. अर्जदार : पत्नी. विषय : उजवीकडची खालची दाढ. शेरा : पुढील मुदतीत घेण्यात यावी, तोवर डाव्या बाजूने चावावे.

"माझी दाढ तुमच्या बँकेला विचारून दुखायला लागली नाही," ती म्हणाली. तिला मोठा विचार करता येत नाही, हे मी लग्न झाल्यापासून बघतो आहे.

आता मूळ मुद्दा. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला.

सासूबाई शिवणकाम करतात. सासरे गेल्यापासून एका खोलीत दोन मशीनं टाकून त्यांनी दोन मुली वाढवल्या. एक साधं शिलाई मशीन, एक कापडाच्या कडा बांधणारं ओव्हरलॉकचं. गेली काही वर्षं त्या एका इस्पितळातल्या नर्सांचे कोट शिवतात. काज हातानेच करतात, मशीनचं काज त्यांना पसंत नाही. नजर कमी होत गेली तशी माझी बायको दर रविवारी जाऊन तीस सुयांत दोरे ओवून ठेवायला लागली. त्या सुया आठवडाभर पुरायच्या. मग गुरुवारीच संपायला लागल्या, कारण खाली पडलेली सुई त्यांना सापडेना.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, एका डोळ्याचे पंचेचाळीस हजार, आणि उशीर करू नका. ही बातमी सांगायला थोरलीने सगळ्यांना घरी बोलावलं होतं. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत ऑफरराव आणि मी एकाच वेळी खुर्चीतून उठलो आणि एकाच वेळी म्हणालो, "खर्च माझा!"

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांच्या बहिणीला तर हुंदका आवरेना. "लोकांचे जावई पाच पैसे काढायचे म्हटलं की पाणी प्यायला उठतात," ती म्हणाली, "आणि हे बघा, द्यायला भांडतायत!" आम्ही खरोखरच भांडत होतो. ऑफरराव म्हणत होते, मी थोरला, मान माझा. मी म्हणत होतो, तुम्ही आजवर पुष्कळ केलंत, आता मला पुण्य घेऊ द्या. माझ्या कार्डाच्या मुदतीचे बावीस दिवस उरले होते आणि खर्च करायचे बरोबर पंचेचाळीस हजार राहिले होते. योग म्हणतात तो हाच.

शेवटी तडजोड निघाली. सासूबाईंना देवाने डोळे दोन दिले आहेत आणि जावईही दोनच. त्यात जो मेळ आहे तो दिसायला ऑफररावांसारखीच नजर लागते. उजवा डोळा थोरल्या जावयाचा, डावा धाकट्याचा. मी त्याच दिवशी हा ठराव कागदावर घेऊन त्यावर नंबरही टाकला.

अडचण एवढीच होती की ऑफररावांचं नवीन कार्ड अजून आलं नव्हतं. म्हणून मी डॉक्टरीणबाईंना सुचवलं, आधी डावा उरकून घेऊ.

"उजवा जास्त पिकलाय. आधी उजवाच करावा लागेल."

"पण डाव्याची मुदत तीस तारखेला संपतेय."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुम्ही माझ्याकडे पेशंट आणलाय की बिल?"

वैद्यकशास्त्र किती पुढे गेलंय म्हणतात, पण आर्थिक नियोजनात ते अजून रांगतंय. मी ऑफररावांना अदलाबदल सुचवून पाहिली, उजवा मला द्या आणि डावा तुम्ही घ्या. ते दुखावले. "धाकट्याने थोरल्याच्या ताटात हात घालू नये," म्हणाले. शिवाय त्यांच्या कार्डाला पन्नास हजारांचा खर्च हवा होता आणि साध्या भिंगात पाच हजार कमी पडत होते, म्हणून त्यांनी उजव्यासाठी बावन्न हजारांचं भारी भिंग मुक्रर केलं होतं. हे ऐकून मावससासूबाई पुन्हा रडल्या.

माझे बावीस दिवस संपत आले. बोनस वाया जाऊ देणं मला पटणारं नव्हतं, म्हणून एकोणतीस तारखेला मी पंचेचाळीस हजारांची अंग चेपून देणारी खुर्ची घेतली. (ती सध्या दारामागे आहे. तिच्यावर कपडे वाळत घालतो.) आणि डाव्या डोळ्यासाठी दुसऱ्या बँकेत नवा अर्ज टाकला. तिकडे ऑफररावांचा अर्ज, "आपल्याकडे आधीच पुरेशी कार्डं आहेत" असं कळवून बँकेने परत पाठवला. माणसाच्या गुणांची अशी कदर होते. त्यांनी तिसरीकडे अर्ज केला. त्या बँकेने पगाराचे कागद मागितले, मग घराचा पत्ता तपासायला माणूस पाठवला. तो आला तेव्हा ऑफरराव लाउंजमध्ये जेवत होते.

यात पाच महिने गेले.

या पाच महिन्यांत सासूबाईंनी एकदाही विषय काढला नाही. कुणी विचारलं तर सांगायच्या, "जावई करतायत ना." त्यांनी बारा कोटांना पांढऱ्या दोऱ्याऐवजी फिक्या पिवळ्याने काजं केली. इस्पितळाने बाराही कोट परत पाठवले आणि पुढचं काम दुसरीकडे दिलं. मग एका दुपारी मशीनची सुई त्यांच्या डाव्या हाताच्या तर्जनीत, नखातून आरपार गेली. बायकोने हे येऊन मला सांगितलं.

"अहो, आपल्याकडे पैसे आहेत ना? मग उद्या जाऊन भरा. कुठल्याही कार्डावर भरा, नाहीतर हातात द्या."

"आहेत," मी म्हणालो. "प्रश्न पैशांचा नाहीच."

ती उठून आत गेली. मला वाटलं, पटलं.

पुढच्या आठवड्यात ऑफररावांचं कार्ड आलं. काळं, जड, कडेला सोनेरी रेघ. ते पाकिटातसुद्धा न घालता, देवाला वाहायचं असल्यासारखं दोन्ही हातांत धरून ते माझ्याकडे आले आणि आम्ही तसेच सासूबाईंकडे निघालो. दार उघडंच होतं. सासूबाई काळा चष्मा लावून खिडकीशी बसल्या होत्या आणि शेजारची इस्त्रीवाली त्यांच्या डोळ्यात थेंब घालायची तयारी करत होती.

ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले होते. इस्त्रीवाली बरोबर गेली होती. ओव्हरलॉकचं मशीन होतं त्या जागी फरशीवर चार पायांचे चार डाग उरले होते.

"आई, मशीन विकलंत?" ऑफररावांनी विचारलं. "आणि पैसे कसे भरलेत?"

"रोख."

"रोख?" हा शब्द त्यांनी, घरात साप निघाल्यावर माणूस म्हणतो तसा म्हटला.

"हो. रोख भरले म्हणून बिलाच्या खिडकीवरच्या बाईने पाच हजार कमी घेतले. साधंच भिंग घातलं. छान आहे."

ऑफरराव पलंगाच्या कडेवर बसले. त्यांचा वेलकम बोनस, दहा हजार पॉइंट, बाजारभावाने अडीच हजारांचा होता. एका बाईने, कुठलाही अर्ज न करता, उभ्या उभ्या पाच हजार मिळवले होते. असली ऑफर चालू आहे हे त्यांना तीन वर्षांत कुणी कळवलं नव्हतं.

सासूबाईंनी चष्मा काढला. उजवा डोळा लालसर होता. त्यांनी त्याने आधी थोरल्या जावयाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार पिकला होता, लवकर आणायला हवं होतं. थोडं धूसर राहील म्हणे. राहू दे. मोठे टाके घालता येतील." मग म्हणाल्या, "तुम्ही दोघं त्या दिवशी भांडलात ना जावईबापू, मला इतकं बरं वाटलं होतं. सगळ्या गल्लीला सांगून आले मी. मग धाकटीने सांगितलं, कशासाठी भांडत होतात ते. म्हटलं, आता आपलं आपण बघावं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. मला लाज वाटली, खरीखुरी, कानांपर्यंत. फरशीवरचे ते चार डाग मी पुन्हा पुन्हा मोजत बसलो. ही अवस्था साधारण दोन मिनिटं टिकली. मग ऑफरराव खाकरले आणि अतिशय हळुवारपणे म्हणाले,

"आई, मग डावा कधी?"

इस्त्रीवालीने आम्हाला बाहेर जायला सांगितलं. तिने "सांगितलं" असं मी कार्यालयीन भाषेत लिहितो आहे.

ही सगळी हकिकत मी आजवर तेवीस माणसांना सांगितली. मन मोकळं करावं म्हणून. पैकी बावीस जणांनी शेवटपर्यंत गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतलं, हळहळ व्यक्त केली, मान हलवली आणि मग विचारलं, "ते सोनेरी रेघेचं कार्ड कुठल्या बँकेचं म्हणालात?" तेविसावे गृहस्थ मात्र वेगळे निघाले. त्यांनी कार्डाचं नावही काढलं नाही. माझा हात हातात घेऊन विचारलं, "सासूबाईंचा डावा डोळा अजून व्हायचाय का हो?" मला भरून आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्या माउलीची चौकशी केली होती. म्हटलं, हो, व्हायचाय.

"मग माझ्या कार्डावर घेऊ या," ते म्हणाले. "पैसे तुम्ही मला नंतर दिलेत तरी चालतील."

तुम्ही चोविसावे. तुम्ही इथवर सगळं वाचलंत आणि अजून काहीच विचारलं नाहीत. संकोच करू नका. तुमचे किती दिवस उरलेत?